जन्मभूमी, नागरिकत्व आणि सर्वोच्च पद

आपण कोठे जन्मावे आणि कोणाच्या पोटी जन्मावे, हे कोणाच्याही हाती नसते. तरीही आधुनिक राज्याचा कायदा माणसाची ओळख ठरवताना प्रथम त्याच्या जन्माकडेच पाहतो. जन्माची एक नोंद कोणाला मताचा, पारपत्राचा आणि देशात निर्वेधपणे राहण्याचा हक्क मिळवून देते, तर कोणाला त्यापासून आयुष्यभर दूर ठेवते. काही देशांत तर याच नोंदीवरून तो मनुष्य राज्याच्या सर्वोच्च पदावर बसण्यास पात्र आहे की नाही, हेसुद्धा ठरते.

येथे वस्तुतः दोन निरनिराळे प्रश्न आहेत. आपला कोण, हा पहिला प्रश्न. आणि आपल्यांपैकी कोणाच्या हाती राज्याची सूत्रे द्यावीत, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर उदारपणे देणारा देश दुसऱ्याचे उत्तर देताना अनुदार होऊ शकतो, आणि याच्या उलटही घडू शकते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि भारत ही या दोन प्रकारांची ठळक उदाहरणे होत. अमेरिकेने जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे दार कालांतराने पुष्कळच रुंद केले. परंतु अध्यक्षपद मात्र जन्मसिद्ध नागरिकांपुरतेच राखून ठेवले. भारताने सर्वोच्च पदे प्रत्येक नागरिकाला मोकळी ठेवली. परंतु जन्माने नागरिकत्व मिळण्याची वाट क्रमाक्रमाने अरुंद केली. असे का घडले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

भूमी आणि वंश

जन्मावरून नागरिकत्व ठरवण्याची दोन तत्त्वे जगात रूढ आहेत. ज्या भूमीवर जन्म झाला त्या भूमीच्या राज्याचा तो नागरिक, हे पहिले. त्याला भूमितत्त्व म्हणता येईल. आईबाप ज्या राज्याचे नागरिक त्याच राज्याचे अपत्यही नागरिक, हे दुसरे. ते वंशतत्त्व होय. बहुतेक देशांच्या कायद्यांत या दोहोंचे कमीअधिक मिश्रण आढळते.

इंग्लंडमध्ये भूमितत्त्वाला १६०८ साली एका गाजलेल्या खटल्यात स्पष्ट रूप मिळाले. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हाच इंग्लंडच्याही गादीवर आला. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट कॅल्व्हिन नावाच्या बालकाला इंग्लंडमध्ये जमीन धारण करता येईल काय, असा प्रश्न उपस्थित झाला. कारण परकीयाला तेथे तो अधिकार नव्हता. एडवर्ड कोक प्रभृती न्यायाधीशांनी असा निर्णय दिला की, जो राजाच्या सत्तेखालील भूमीत जन्मला तो जन्मतःच राजाचा प्रजाजन होय. राजाने संरक्षण द्यावे आणि प्रजेने निष्ठा वाहावी, हे नाते जन्माबरोबरच जडते, असा या निर्णयाचा आशय होता. हे तत्त्व पुढे इंग्रजी सत्तेबरोबर अमेरिकेतील वसाहतींत गेले आणि भारतातही आले.

अधिकारपदांसाठी याहून कडक कसोटी लावण्याची प्रथाही इंग्लंडमधीलच. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडची गादी हॅनोव्हरच्या जर्मन घराण्याकडे जाण्याची चिन्हे दिसू लागली. नव्या राजाबरोबर त्याचे परदेशी सल्लागारही येतील आणि राज्यकारभार त्यांच्या हाती जाईल, अशी भीती इंग्रज पुढाऱ्यांना वाटत होती. म्हणून १७०१ च्या उत्तराधिकारविषयक कायद्यात अशी तरतूद करण्यात आली की, राज्याबाहेर जन्मलेल्या माणसाने नंतर प्रजाजनाचे हक्क मिळवले असले, तरी त्याला राजाच्या मंत्रणा परिषदेत, संसदेत किंवा विश्वासाच्या पदावर स्थान मिळू नये. इंग्रज आईबापांच्या पोटी परदेशात जन्मलेल्यांना मात्र यातून वगळण्यात आले. राजा परकीय चालेल, मंत्री मात्र परकीय नको, असा हा विलक्षण न्याय होता. तथापि त्यामागील शंका पुढे अमेरिकेच्या घटनाकारांनाही भेडसावणार होती.

फिलाडेल्फिया येथील अट

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे अमेरिकेची राज्यघटना तयार होत असताना देश नुकताच जन्माला आला होता आणि दुर्बल होता. युरोपातील बलाढ्य सत्ता त्याच्या कारभारात हात घालतील, ही भीती अवास्तव नव्हती. इंग्लंडच्या राजाच्या दुसऱ्या मुलाला बोलावून अमेरिकेच्या गादीवर बसवण्याचा बेत चालू आहे, अशी अफवाही त्या दिवसांत वृत्तपत्रांतून पसरली होती. २५ जुलै १७८७ रोजी जॉन जे यांनी घटना परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून सुचवले की, राष्ट्रीय शासनात परकीयांच्या प्रवेशाला भक्कम आळा घालावा आणि सेनेचे सर्वोच्च अधिपत्य जन्मसिद्ध नागरिकाखेरीज अन्य कोणाकडे जाऊ नये. सप्टेंबरच्या आरंभी समितीने जो मसुदा सादर केला त्यात ही अट आली, आणि परिषदेत तिच्यावर चर्चा न होताच ती संमत झाली.

घटनेत अखेर पदानुसार चढत्या पायऱ्या ठेवण्यात आल्या. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला २५ वर्षांचे वय आणि ७ वर्षांचे नागरिकत्व. सिनेटच्या सदस्याला ३० वर्षांचे वय आणि ९ वर्षांचे नागरिकत्व. अध्यक्षाला मात्र ३५ वर्षांचे वय, देशात १४ वर्षांचा निवास आणि जन्मसिद्ध नागरिकत्व. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने उपाध्यक्षालाही हीच पात्रता लागू झाली. पहिल्या दोन पायऱ्यांवर परदेशात जन्मलेला माणूस काही वर्षांच्या वास्तव्याने चढू शकतो. तिसरी पायरी त्याने कितीही काळ वाट पाहिली तरी त्याला लाभत नाही. काळ येथे कामाचा नाही, जन्मच हवा.

या अटीत घटनाकारांनी स्वतःच्या पिढीसाठी एक सूट ठेवली होती. घटना स्वीकारली गेली त्या वेळी जे नागरिक होते त्यांना जन्माची अट लागू नव्हती. ती सूट आवश्यकच होती. कारण वॉशिंग्टनपासून अँड्र्यू जॅक्सनपर्यंतचे पहिले सातही अध्यक्ष जन्मतः ब्रिटिश राजाचे प्रजाजन होते. वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर जन्मलेले अलेक्झांडर हॅमिल्टन हेही या सवलतीमुळे अध्यक्षपदास पात्र होते. राष्ट्र उभारणाऱ्या पिढीची निष्ठा कृतीने सिद्ध झाली होती. तिला जन्माच्या दाखल्याची गरज वाटली नाही. पुढील पिढ्यांच्या बाबतीत मात्र कृतीऐवजी जन्मालाच पुरावा मानण्यात आले.

जन्म होता, नागरिकत्व नव्हते

मात्र जन्मसिद्ध नागरिक म्हणजे कोण, याची व्याख्या मूळ घटनेत नाही. आणि तिच्या अभावी जे घडले ते अमेरिकेच्या इतिहासातील एक काळे प्रकरण होय. १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्या केवळ स्वतंत्र गौरवर्णी माणसालाच नागरिकत्व स्वीकारण्याची मुभा दिली. त्याच भूमीवर पिढ्यान्पिढ्या जन्मलेल्या कृष्णवर्णीयांचे काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात दिले. सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांच्या निवाड्यानुसार आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज, ते स्वतः गुलाम असोत वा मुक्त, संयुक्त संस्थानांचे नागरिक होऊ शकत नव्हते. भूमितत्त्व अशा रीतीने वर्णाच्या उंबरठ्याशी येऊन थांबले.

हा निवाडा पुसून काढण्यासाठी यादवी युद्ध व्हावे लागले. ९ जुलै १८६८ रोजी मंजूर झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने असे घोषित केले की, संयुक्त संस्थानांत जन्मलेल्या अथवा तेथे नागरिकत्व स्वीकारलेल्या आणि त्यांच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्या सर्व व्यक्ती नागरिक होत. वर्ण, वंश वा आईबापांचा दर्जा यांचा उल्लेख या वाक्यात नाही, हेच त्याचे सामर्थ्य. तथापि तेथील मूळ रहिवासी असलेल्या जमातींना त्याचा लाभ झाला नाही. जमातीत जन्मलेली व्यक्ती पूर्णपणे राष्ट्राच्या अधिकारक्षेत्रात जन्मलेली नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने १८८४ साली ठरवले. ज्यांचे पूर्वज त्या भूमीवर सर्वांच्या आधीपासून राहत होते त्यांच्यातील सर्वांना नागरिकत्व मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले.

या घटनादुरुस्तीची खरी कसोटी चिनी स्थलांतरितांच्या बाबतीत लागली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली होती आणि चिनी माणसाला नागरिकत्व स्वीकारण्याचीही सोय नव्हती. वाँग किम आर्क हा १८७३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे चिनी आईबापांच्या पोटी जन्मला. चीनला जाऊन तो ऑगस्ट १८९५ मध्ये परतला तेव्हा तो नागरिक नाही, असे सांगून अधिकाऱ्यांनी त्याला बंदरावर अडवले. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन अशा बहुमताने त्याच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी कॅल्व्हिन खटल्यापासून चालत आलेल्या परंपरेचा आधार घेऊन सांगितले की, परदेशी राजदूतांची किंवा आक्रमक शत्रुसैन्यातील लोकांची अपत्ये यांसारखे मोजके अपवाद सोडता या भूमीवर जन्मलेले मूल नागरिकच होय.

विरोधी मत देणारे सरन्यायाधीश मेल्व्हिल फुलर यांनी जो आक्षेप घेतला तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परदेशी आईबापांचे मूल केवळ येथे जन्मले म्हणून अध्यक्ष होऊ शकेल आणि आपल्या नागरिकांचे परदेशात जन्मलेले मूल मात्र होऊ शकणार नाही, हे त्यांना तर्कविरुद्ध वाटत होते. नागरिकत्वाचा प्रश्न आणि सर्वोच्च पदाचा प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे त्यांनी अचूक ओळखले होते. ज्याला जन्माने नागरिक मानाल त्याला एक दिवस अध्यक्ष होण्याचाही हक्क देत आहात, हे ध्यानात ठेवा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. त्यांनी तो इशारा म्हणून दिला. बहुमताने जे मानले त्याचा स्वाभाविक परिणाम म्हणूनही त्याकडे पाहता येते.

भारतीयांचा अनुभव

भारतातून तेथे गेलेल्यांना या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू अनुभवाव्या लागल्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा दावा १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. भारतीय मनुष्य कायद्यातील गौरवर्णी या शब्दात बसत नाही, हे त्याचे कारण. १९४६ च्या कायद्याने हा अडसर दूर झाला. त्यानंतर पंजाबात जन्मलेले दलीपसिंग सौंद १९४९ च्या अखेरीस नागरिक झाले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी आसन ग्रहण केले तेव्हा सात वर्षांच्या नागरिकत्वाची अट नुकतीच पूर्ण झाली होती.

अलीकडील दोन उदाहरणे या भेदाचे स्वरूप अधिक स्पष्ट करतील. बेळगावात वाढलेले मराठी भाषिक श्री ठाणेदार तरुणपणी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, तेथे त्यांनी व्यवसाय उभारला आणि जानेवारी २०२३ मध्ये मिशिगन राज्यातून ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य झाले. अध्यक्षपदाची वाट मात्र त्यांना बंद आहे. उलट, मद्रासहून गेलेल्या आईच्या आणि जमैकाहून गेलेल्या वडिलांच्या पोटी २० ऑक्टोबर १९६४ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे जन्मलेल्या कमला हॅरिस २० जानेवारी २०२१ रोजी उपाध्यक्ष झाल्या आणि २०२४ साली त्यांनी अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. त्यांचे आईवडील शिक्षणासाठीच त्या देशात गेले होते. आईबापांना जे दार बंद ते मुलांना उघडे, असा हा नियम आहे. त्यात कठोरपणा आहे तसा एक दिलासाही आहे. कारण परकेपणा एका पिढीतच संपतो, पुढच्या पिढीला तो वारसा म्हणून मिळत नाही.

संशयाला वाव

व्याख्येच्या अभावी अध्यक्षपदाच्या उमेदवारांवर जन्माविषयीच्या शंका वेळोवेळी घेतल्या गेल्या. १८८१ साली अध्यक्ष झालेले चेस्टर आर्थर हे वस्तुतः कॅनडात जन्मले, असा आरोप विरोधकांनी केला होता. १९६४ चे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचा जन्म अॅरिझोना हे पूर्ण राज्य होण्यापूर्वी, १९०९ साली तेथे झाला होता. १९६८ च्या निवडणुकीसाठी उमेदवारी मागणारे जॉर्ज रॉम्नी मेक्सिकोत, तर २००८ चे उमेदवार जॉन मॅकेन पनामा कालव्याच्या प्रदेशात, अमेरिकी आईबापांच्या पोटी जन्मले होते. मॅकेन यांच्या पात्रतेस दुजोरा देणारा ठराव सिनेटने एप्रिल २००८ मध्ये एकमताने केला. परंतु असा ठराव म्हणजे कायदा नव्हे. कॅनडात अमेरिकी आईच्या पोटी जन्मलेले टेड क्रूझ यांच्याबाबतही २०१६ साली हाच वाद झाला.

या सर्वांत बराक ओबामा यांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९६१ रोजी होनोलुलू येथे झाला आणि हवाई हे त्याआधी दोन वर्षे, ऑगस्ट १९५९ मध्ये राज्य झाले होते. कायद्याच्या दृष्टीने येथे शंकेला जागाच नव्हती. तरीही त्यांचा जन्म परदेशात झाल्याचा अपप्रचार वर्षानुवर्षे चालू राहिला आणि अखेर २७ एप्रिल २०११ रोजी पदावर असताना त्यांना जन्माचा सविस्तर दाखला प्रसिद्ध करावा लागला. परदेशी प्रभावाला आळा घालण्यासाठी केलेली तरतूद, ज्याचे नाव, वर्ण वा पितृकुल बहुसंख्याकांहून वेगळे आहे त्याच्याविरुद्ध संशयाचे साधन कशी बनते, याचे हे बोलके उदाहरण होय.

नागरिकत्व स्वीकारलेल्यांचे हक्क जन्मसिद्ध नागरिकांच्या हक्कांहून कमी नाहीत, अपवाद केवळ अध्यक्षपदाचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली एका खटल्यात स्पष्ट केले होते. हा अपवाद लहान दिसतो. पण त्याची छाया दूरवर पडते. जर्मनीत जन्मलेले हेन्री किसिंजर १९७३ पासून आणि प्राग येथे जन्मलेल्या मॅडेलिन ऑल्ब्राइट १९९७ पासून परराष्ट्रमंत्री होत्या. युद्ध आणि शांतता यांच्या वाटाघाटी त्यांच्यावर सोपवताना जन्मस्थान आड आले नाही. अध्यक्षपद अकस्मात रिक्त झाल्यास ते कोणाकडे जावे याचा जो क्रम कायद्याने लावला आहे, त्यात परराष्ट्रमंत्र्याचे स्थान आहे. तेथे मात्र या दोघांना वगळावे लागले असते. ऑस्ट्रियात जन्मलेले आर्नोल्ड श्वार्झनेगर २००३ साली कॅलिफोर्नियाचे राज्यपाल म्हणून निवडून आले. त्याच वर्षी सिनेटर ऑरिन हॅच यांनी वीस वर्षे नागरिक असलेल्यांना अध्यक्षपद खुले करणारी घटनादुरुस्ती सुचवली होती. परंतु ती पुढे सरकली नाही.

भारताने निवडलेला मार्ग

आपल्या घटनाकारांसमोर अमेरिकेचा हा संपूर्ण इतिहास होता. २९ एप्रिल १९४७ रोजी घटना समितीपुढे नागरिकत्वाचे जे पहिले कलम आले त्यावर चौदाव्या घटनादुरुस्तीची छाया स्पष्ट दिसते. या भूमीवर केवळ योगायोगाने जन्मलेल्या परक्याच्या मुलालाही नागरिक मानावे काय, अशी शंका सदस्यांनी तेव्हा घेतली. सरदार वल्लभभाई पटेल यांनी उत्तर देताना सांगितले की, राष्ट्रीयत्वाच्या संकुचित आणि व्यापक अशा दोन कल्पना असून आपण व्यापक कल्पनाच स्वीकारली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा आपण निषेध करतो. तेव्हा आपला कायदा वाचणाऱ्याला तो उदार आणि सुसंस्कृत वाटला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

ऑगस्ट १९४९ मध्ये हा विषय पुन्हा चर्चेस आला तेव्हा अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी मसुद्यावर कडाडून टीका केली. विमान मुंबईला काही तास थांबले असता एखादी परदेशी स्त्री प्रसूत झाली, तर तेवढ्यावरून ते मूल भारतीय नागरिक ठरेल. असे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असे त्यांचे म्हणणे होते. अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू व शीख, तो कोठेही राहत असला तरी, भारताच्या नागरिकत्वास पात्र असावा, अशी त्यांची पर्यायी सूचना होती. जन्मभूमीऐवजी धर्माला कसोटी मानणारी ही सूचना समितीने स्वीकारली नाही. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदात भारतातील अधिवासाबरोबर स्वतःचा वा आईबापांपैकी एकाचा भारतातील जन्म किंवा किमान पाच वर्षांचा निवास यांपैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी मानण्यात आली. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर भारतात जन्मलेल्या प्रत्येकाला, मोजके अपवाद वगळता, जन्माने नागरिक मानले.

सर्वोच्च पदाच्या बाबतीत मात्र आपण अमेरिकेचे अनुकरण केले नाही. अनुच्छेद ५८ नुसार राष्ट्रपती हा भारताचा नागरिक असावा, त्याचे वय ३५ वर्षे पूर्ण असावे आणि लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता त्याच्या ठायी असावी. नागरिकत्व जन्माने मिळाले की नोंदणीने, याची चौकशी घटना करीत नाही. प्रधानमंत्र्यासाठीही जन्माची अट नाही. फाळणीच्या पार्श्वभूमीवर या उदारतेचे मोल विशेष जाणवते. इंद्रकुमार गुजराल यांचा जन्म झेलम येथे आणि डॉ. मनमोहन सिंग यांचा जन्म गाह या खेड्यात झाला; ही दोन्ही ठिकाणे १९४७ पासून पाकिस्तानात आहेत. सीमेपलीकडून आलेल्या अशा लक्षावधी लोकांसाठी सहाव्या अनुच्छेदात तरतूद होती. त्यांच्यापैकी हे दोघे पुढे प्रधानमंत्री झाले आणि त्यांच्या जन्मगावाबद्दल घटनेने कधी विचारणा केली नाही.

तरीही हा प्रश्न आपल्याकडे उपस्थित झालाच. इटलीत जन्मलेल्या सोनिया गांधी १९८३ साली नोंदणीने भारताच्या नागरिक झाल्या. मे १९९९ मध्ये शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी परदेशात जन्मलेल्या व्यक्तीने सर्वोच्च पदावर असू नये, अशी भूमिका घेतली. त्यांना काँग्रेस पक्षातून काढण्यात आले आणि त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन केला. मे २००४ मधील निवडणुकीनंतर सोनिया गांधी यांनी प्रधानमंत्रिपद स्वीकारण्यास नकार दिला. हा वाद पक्षांमध्ये, संसदेत आणि मतदारांपुढे लढवला गेला. घटनेतील पात्रतेची अट मात्र बदलली नाही.

बदल झाला तो दुसऱ्याच बाजूला. आसामातील आंदोलन आणि १९८५ चा आसाम करार यांच्या पार्श्वभूमीवर १९८६ साली नागरिकत्व अधिनियमात दुरुस्ती झाली. तीनुसार १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मलेले मूल, आईबापांपैकी एक भारतीय नागरिक असेल तरच, जन्माने नागरिक ठरू लागले. २००३ च्या दुरुस्तीने ३ डिसेंबर २००४ पासून याहून कडक अट आली. आईबाप दोघे नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असल्यास दुसरा अवैध स्थलांतरित नसावा. सरदार पटेलांनी पुरस्कारिलेले भूमितत्त्व अशा रीतीने बरेचसे मागे पडले आणि वंशतत्त्व पुढे आले.

कसोटी कोणती असावी?

अमेरिकेतही भूमितत्त्व निर्वेध राहिले नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डॉनल्ड ट्रंप यांनी एका आदेशाने असे जाहीर केले की, आई तेथे अवैधपणे वा तात्पुरत्या परवान्यावर राहत असेल आणि वडील नागरिक अथवा कायम रहिवासी नसतील, तर त्या भूमीवर यापुढे जन्मणारे मूल नागरिक मानले जाऊ नये. अनेक न्यायालयांनी या आदेशाला स्थगिती दिली. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा स्थगितीच्या व्याप्तीपुरता निर्णय दिला आणि मूळ घटनात्मक प्रश्न डिसेंबर २०२५ मध्ये सुनावणीस घेतला. शिक्षणासाठी वा मुदतीच्या परवान्यावर नोकरीसाठी तेथे राहणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व उघड आहे. १८९८ साली वाँग किम आर्कच्या बाबतीत जे विचारले गेले तेच पुन्हा विचारले गेले.

सर्वोच्च पदासाठी जन्माची अट असावी, असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार राष्ट्राची सुरक्षितता हा असतो. सेनेची आज्ञा आणि राज्याची गुपिते ज्याच्या हाती द्यावयाची त्याची निष्ठा अविभक्त असली पाहिजे, हे म्हणणे अगदी रास्त आहे. प्रश्न एवढाच की, जन्मस्थान हा त्या निष्ठेचा भरवशाचा पुरावा आहे काय? परकीय हस्तक्षेपाचे उदाहरण म्हणून त्या काळच्या पोलंडकडे बोट दाखवले जाते. तेथील स्तानिस्लाव पोनियातोव्स्की १७६४ साली रशियाच्या पाठबळावर राजा म्हणून निवडून आला आणि १७७२ साली रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी त्याच्या राज्याचे लचके तोडले. परंतु पोनियातोव्स्की हा परदेशातून आणलेला राजपुत्र नव्हता; तो त्याच राज्यात जन्मलेला होता. परकीय सत्ता देशात शिरते ती बहुधा पैशाच्या, धाकाच्या आणि दुबळ्या संस्थांच्या वाटेने. जन्माचा दाखला तपासून ती वाट बंद होत नाही.

दुसरीकडे, या अटीचे हत्यार कसे होऊ शकते हे आफ्रिकेतील अनुभवाने दाखवले आहे. झांबियाला स्वातंत्र्याकडे नेणारे आणि २७ वर्षे तेथे राष्ट्राध्यक्ष असलेले केनेथ कौंडा यांना १९९६ सालच्या घटनादुरुस्तीने निवडणुकीतून बाद केले. कारण उमेदवाराचे आईबापही झांबियाचेच असावेत, असा नवा नियम झाला आणि कौंडा यांचे आईबाप शेजारच्या मलावीतून आलेले होते. आयव्हरी कोस्टमध्येही अशाच नियमाच्या आधारे अलासान वात्तारा यांना २००० साली उमेदवारी नाकारण्यात आली. खरा नागरिक कोण, हा तेथील कटू वाद २००२ साली सुरू झालेल्या यादवीच्या प्रमुख कारणांपैकी एक ठरला. जेथे पद गमावण्याची भीती असते तेथे प्रतिस्पर्ध्याची वंशावळ तपासण्याचा मोह अनावर होतो.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा काढता येईल. नागरिकत्वासाठी जन्माची कसोटी स्वीकारण्यामागे एक मानवी कारण आहे: नुकत्याच जन्मलेल्या मुलाकडे दाखवण्यासारखी दुसरी कृती नसते आणि आईबापांच्या दोषांची वा दुर्दैवाची शिक्षा त्याला होणे न्याय्य नाही. त्या ठिकाणी जन्म दुर्बलाला संरक्षण देतो. सर्वोच्च पदाचा उमेदवार हा मात्र पस्तिशी ओलांडलेला माणूस असतो. त्याचे बोलणे, वागणे, सेवा आणि चुका लोकांसमोर असतात, आणि त्यांचे मूल्यमापन करण्यासाठीच निवडणूक असते. जन्मावाचून ज्याचा दुसरा पुरावा नाही त्याच्या बाबतीत जन्म पाहावा, आणि ज्याचे सारे आयुष्य समोर आहे त्याचे आयुष्य पाहावे, हेच न्यायाला धरून आहे. अमेरिकेने यातील पहिली गोष्ट १८६८ साली घटनेत लिहिली. भारताने दुसरी १९५० साली अमलात आणली. दोन्ही गोष्टी एकाच राज्यघटनेत नांदू शकत नाहीत असे मानण्याला तत्त्वतः काहीच आधार नाही. दोन्ही देशांना त्यांतील एकेक गोष्ट पूर्वीच साधली होती, आणि साधलेली गोष्ट टिकवण्यासाठी प्रत्येक पिढीला नव्याने प्रयत्न करावे लागतात, एवढे हा इतिहास निश्चितपणे सांगतो.